लाडाचं नाव कागदावर

शनिवारी सकाळी नदीवरून लांप्रेया आला आणि ब्रागाहून आदोझिंदा आत्या आली. दोघांनाही माझ्या आईने सारख्याच सावधपणे घरात घेतलं. लांप्रेया म्हणजे आमच्या लिमा नदीतला सापासारखा लांब, गोल तोंडाचा मासा. तो रक्तासकट भांड्यात कापावा लागतो, रक्ताचा थेंब सांडला की भाताची चव गेलीच म्हणायची. आदोझिंदा आत्याचंही काही सांडत नसे. ऐकलेलं, पाहिलेलं, कुणी अर्धवट बोलून सोडलेलं, सगळं तिच्याकडे वर्षानुवर्षं साठलेलं असायचं.

मी तेव्हा एकवीस दिवसांची होते, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं असं काही मी म्हणणार नाही. दोन आत्या आणि आई, अशा तिघींनी तीन तऱ्हांनी सांगितलेलं जुळवून मी हे लिहिते आहे, आणि तिघींपैकी एकीवरही माझा पुरता विश्वास नाही. संशय घेणं आमच्या घराण्यात दुधातूनच येतं. कुणाचं दूध कुणाला मिळालं हेही पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी रविवारी माझा बाप्तिस्मा होता. बाबांची थोरली बहीण, गावच्या शाळेतली मास्तरीण, माझी धर्ममाता होणार होती. आमच्याकडे मुलीला धर्ममातेचं नाव मिळतं, म्हणजे मी तेरेझिन्या होणार हे गावाने धरूनच ठेवलं होतं. बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. धर्ममाताच बाळाला चर्चमध्ये नेते आणि फादरनी विचारलं की नाव सांगते. ती जे सांगेल ते नाव पक्कं, सोमवारी सरकारी कचेरीतही तेच लिहून घ्यायचं. वाटेत मन बदललेल्या धर्ममातांच्या गोष्टी आमच्या खोऱ्यात घरटी एक तरी आहेत.

"हे वाचलंस का, बेन्व्हिंदा?" आदोझिंदा आत्याने स्वयंपाकघरात येऊन आईला विचारलं. तिच्या हातात एक कागद होता. धर्ममाता होणाऱ्या बाईचा स्वतःचा बाप्तिस्मा झालाय याचा दाखला फादर नोर्बेर्तू मागतात. त्यांनीच जुन्या वहीतून तो उतरवून दिला होता आणि बाबांनी शुक्रवारी आणून साखरेच्या बदामांच्या डब्याखाली ठेवला होता.

"नाही वन्सं. माझे हात माशात आहेत."

"मग ऐक. 'आन्सेल्मु व एतेल्व्हिना यांची कन्या तेरेझिन्या. जन्म नोव्हेंबर एकोणीसशे अठरा. मरणाचं भय असल्याने बाप्तिस्मा घरीच. पाणी घालणारी, कुस्तोदिया नावाडीण.' कळलं का काही?"

"साथीचं वर्ष ते. तेव्हा बरीच बाळं घरीच न्हाली असतील."

बाळ हातचं जाईल असं वाटलं तर जवळ जो असेल त्याने डोक्यावर पाणी घालून नाव द्यायचं, असा चर्चचा नियमच आहे. ते नाव पुढे फादरलाही बदलता येत नाही. आईला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"तुला आमची आई काय सांगते? ताईचं नाव कुणावरून?"

"सांता तेरेझिन्यावरून. भिंतीवरची, हातात गुलाबं घेतलेली."

"ती संत झाली पंचवीस साली. मी पाच वर्षांची होते, पाठीला कागदी पंख बांधून मिरवणुकीत चालले होते, अजून खांद्याला दोरा काचलेला आठवतो. ताई जन्मली अठरा साली. सात वर्षं आधीच आईला स्वर्गातून तार आली होती?" आत्याने दाखला टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट आपटलं. "आणि हे बघ. गावात पाळण्यातली प्रत्येक तेरेझा तेरेझिन्याच असते. लाडाने म्हणतात. पण कागदावर कुणाला लिहितात का? कागदावर तेरेझा. आमच्या ताईचं लाडाचं नाव थेट चर्चच्या वहीत. चाळीस वर्षांची मास्तरीण हजेरीपटावर सही करते ती पाळण्यातल्या नावाने. कुणाचे एवढे लाड चालले होते?"

"म्हणजे?"

"मुलीला नाव येतं बाईवरून. आमच्याकडे तेरेझा नाही, आईच्या माहेरी नाही. मग ही कुठली बाई? नदीपलीकडे आमच्या बाबांचं जाणं-येणं होतं असं लोक अजून बोलतात. मी नाही हं बोलत, लोक बोलतात." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "तू या घरात येऊन तीन वर्षं झाली. आईने ताईला एकदा तरी नावाने हाक मारलेली ऐकलीस?"

आईचा सुरा थांबला. तिने आठवून पाहिलं. 'मुली, भाकरी काप.' 'ए मुली, दार लाव.' आदोझिंदाला आदोझिंदा, माझ्या बाबांना लोरेन्सू, कोंबड्यांनासुद्धा नावं होती. थोरलीला फक्त मुली.

आई काही खुळी नव्हती. आदोझिंदा आत्याला स्वतःलाच धर्ममाता व्हायचं होतं, येताना ती सोन्याची साखळीही घेऊन आली होती, हे आईने केव्हाच ओळखलं होतं. मला आयुष्यभर आदोझिंदा म्हणून हाक मारण्याची आईची तयारी नव्हती. पण दुसऱ्या बाईचं नाव आपल्या लेकीला लागतंय, ही शंका एकदा कानात शिरली ती शिरलीच. माशाच्या रक्ताचा एक थेंब ओट्यावर सांडला.

जेवणाच्या टेबलावर पाच जणं होती. आजी टोकाला, शेजारी बाबा, समोर आई, आणि दोन बाजूंना दोन आत्या. मी पाळण्यात होते. थोरली आत्या शाळेतून थेट आली होती, बोटांना खडू तसाच होता. वातावरण गढूळ आहे हे तिला उंबऱ्यातच कळलं, कारण आदोझिंदाने तिला 'ताई, दमली असशील' असं म्हटलं. आदोझिंदाने काळजी केली की काहीतरी घडणार हे ती लहानपणापासून शिकली होती.

"भात झकास झालाय," बाबा म्हणाले. बाबांना शांतता हवी असली की ते जेवणाची स्तुती करत.

"बाप्तिस्म्याच्या झग्याची पेटी उघडली मी सकाळी," आदोझिंदा आत्या म्हणाली. "इस्त्री करून ठेवावी म्हटलं. झगा आहे, लेसचं टोपडं आहे, आपल्या तिघांच्या अंगावरून गेलेलं. पण तळाशी हे होतं." तिने मांडीवरून एक टोपडं काढून पावाशेजारी ठेवलं. हातमागाच्या जाड्याभरड्या कापडाचं, कडेला लाल दोऱ्याची साधी शिवण. "हे आपल्या घरातलं कापड नाही. कुणाचं आहे, आई?"

आजीचा चमचा ताटलीत तसाच राहिला.

"जिथून काढलंस तिथे ठेव."

"ठेवते. फक्त कुणाचं ते सांग."

"या टेबलावर मासा तेवढा गप्प आहे," बाबा म्हणाले.

आजी उठली, काठी घेतली आणि आपल्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला. चाळीस वर्षांत आजी लांप्रेयाचा भात टाकून उठली ती त्या एकाच दिवशी.

"बघितलंस?" आदोझिंदा आत्या बाबांना म्हणाली.

"काय बघायचं? म्हातारं माणूस आहे, तू तिला उलटतपासणीला बसवलंस."

"वन्सं," आई खाली बघून थोरल्या आत्याला म्हणाली, "राग मानू नका. मला वाटतं, बाळाचं नाव मारिया दा ग्रासा ठेवावं. माझ्या आजीचं नाव आहे. त्याला... त्याला मागचं पुढचं काही नाही."

थोरल्या आत्याने मला एकदा सांगितलं होतं की त्या क्षणी तिला राग आलाच नाही. उलट आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं. शाळकरी वयापासून ती आरशासमोर उभी राहून आपलं नाक कुणाचं, हनुवटी कुणाची हे बघत आली होती. गावातल्या बायका तिला बघून बोलणं बदलायच्या. लग्नाची एक बोलणी चालली होती तीही अशीच कुजबुजीत विरली. आपण आपल्या आईच्या पोटच्या नाही, म्हणूनच ती आपलं नाव घेत नाही, असा निकाल तिने मनाशी कधीच लावला होता. फक्त तो आज तिच्यासमोर वाढून ठेवला गेला.

"मग उद्या बाळाला आदोझिंदा नेईल," ती म्हणाली. "दाखला तिचाही मिळेल. फादर सकाळी लवकर उठतात." तिने टोपडं उचललं आणि आजीच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

आजी पलंगाच्या कडेला बसली होती, भिंतीवरच्या संताकडे पाठ करून.

"मी कुणाची?" थोरल्या आत्याने विचारलं.

"माझी. तुला जन्म देताना मी मरायला टेकले होते. तेवढं श्रेय तरी मला दे."

"मग हे कुणाचं?"

आजीने टोपडं हातात घेतलं नाही. मग म्हणाली, "दार लाव."

"लावलंय."

"ताप माझ्या डोक्यात चढला होता. अंगावर दूध नाही. सुईण दोन दिवसांपूर्वी स्वतःच गेली होती, गावात उभं राहील असं माणूस नव्हतं. तू निळी पडत होतीस. तुझे बाबा नदीपलीकडून कुस्तोदियाला घेऊन आले. तिचं बाळ नऊ दिवसांपूर्वी साथीत गेलं होतं, पाच आठवड्यांची मुलगी. दूध काही थांबलेलं नव्हतं. ती आली, तुला बघितलं, आधी पाणी घातलं, आपल्या लेकीचं हे टोपडं चढवलं आणि मग छातीला लावलं. नाव सांगायला शुद्धीवर होतं कोण? तिच्या जिभेवर एकच नाव होतं."

"तेरेझा."

"पाच आठवड्यांच्या पोरीला तेरेझा कोण म्हणतं? ती आपल्या लेकीला जशी हाक मारायची तशीच तिने तुला मारली. तेव्हाचे फादर कडक. म्हणाले, पाणी घालताना जे तोंडातून निघालं तेच वहीत जाईल."

थोरली आत्या पलंगापाशी आली. मग आजीशेजारी बसली, पण मध्ये हातभर जागा ठेवून.

"म्हणजे सगळं गाव चाळीस वर्षं एका बाईला शोधत होतं."

"बाई व्हायला मिळालंच कुठे तिला."

"आणि कुस्तोदिया? ती कुठे गेली?"

आजीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी घालवली."

"का?"

"मी बरी झाले. अंगात ताकद आली तसं बघायला लागले. तुझे बाबा तिला लाकडं नेऊन द्यायचे, मक्याची भाकरी द्यायचे. तू तिला बघून हसायचीस, मला बघून रडायचीस. मला वाटलं, हिने नवराही घेतला आणि लेकही. तू चार महिन्यांची होतीस. ती तुला पाजत होती, मी तुला तिच्या छातीवरून ओढून घेतलं आणि म्हटलं, हा उंबरा पुन्हा चढू नकोस. तू तीन दिवस रडलीस, बकरीचं दूध थुंकत होतीस. त्याच आठवड्यात ती पोर्तूला निघून गेली. जाताना दारातून एवढंच म्हणाली, तिला नावाने हाक मारत जा. माझ्या कानावर येणार नाही, पण मारत जा."

"आणि तू एकदाही मारली नाहीस."

"तोंडाशी यायचं ग. दरवेळी ती दारात उभी दिसायची, ओल्या चोळीची. मग मी म्हणायचे, मुली."

"आणि संत?"

"ती नंतर संत झाली, बरं झालं. लोकांना सांगायला काहीतरी मिळालं."

थोरल्या आत्याने मग तो प्रश्न विचारला, जो विचारायला दाराबाहेर उभ्या आदोझिंदा आत्याची जीभ वळवळत होती. "बाबांचं आणि तिचं काही होतं?"

"विचारलं नाही."

"बाबा त्यानंतर बत्तीस वर्षं जगले, आई."

"विचारलं असतं तर तो 'नाही' म्हणाला असता," आजी म्हणाली. "आणि ते खरं असतं तर मी काय करून बसले होते ते मला कळलं असतं. त्यापेक्षा संशय बरा होता. संशयात मी निदान शहाणी होते."

आजीला वाटलं असेल की आता लेक रडेल, गळ्यात पडेल. तसं झालं नाही. थोरली आत्या उठली. "मी चाळीस वर्षं आरशात दुसऱ्या बाईचं नाक शोधलं," ती म्हणाली. "तुझं नाक माझ्या तोंडावर बसलेलं होतं, आणि तू एका शब्दात ते सांगू शकत होतीस." ती बाहेर आली तेव्हा आदोझिंदा आत्या दाराशीच होती.

"मी कान लावला नव्हता," आदोझिंदा आत्या म्हणाली. "दारच पातळ आहे."

"मग पुन्हा सांगायला नको."

आदोझिंदा आत्याने ताईच्या हातातलं टोपडं घेतलं, परसात गेली, थंड पाण्यात धुतलं आणि चुलीजवळच्या दोरीवर वाळत टाकलं.

थोरली आत्या आईकडे आली. आई मला पाजत होती. थोरलीने झालेलं सगळं तिला सरळ सांगितलं, काही झाकलं नाही, काही रंगवलं नाही. मास्तरणींची सवय.

"म्हणजे ते कुणा बाईचं नाव नाही," ती शेवटी म्हणाली. "पण मेलेल्या बाळाचं आहे. ते तुला आधीपेक्षा बरं वाटेल की वाईट, मला माहीत नाही."

"किती दिवसांची होती ती?"

"पाच आठवडे."

"माझी तीन आठवड्यांची आहे." आईने मला आणखी जवळ घेतलं. मला पोटभर पाजलं. नंतर तिने मला उचललं आणि थोरल्या आत्याच्या खांद्यावर ठेवलं. "ढेकर काढा हिची. उद्या तुम्हीच न्या हिला, वन्सं. नाव काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मारिया दा ग्रासा म्हणा, तेरेझिन्या म्हणा. मी दारात उभी राहून विचारणार नाही."

"एवढा विश्वास?"

"कुणीतरी कुणावर तरी ठेवायलाच हवा ना या घरात. मी बाहेरून आलेय, मला जमेल."

रविवारी चर्चच्या चढावर चौघं चालत होती. पुढे बाबा, त्यांच्या हाताला धरून आजी, मागे मला घेऊन थोरली आत्या आणि तिच्याबरोबर आदोझिंदा आत्या. आजी आणि थोरली आत्या सकाळपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"काय सांगणार आहेस?" आदोझिंदा आत्याने हळूच विचारलं.

"अजून माहीत नाही."

"ग्रासा वाईट नाही."

"नाही."

"आपले बाबा तिला लाकडं का न्यायचे, ते मात्र आईने सांगितलं नाही हं."

"आदोझिंदा."

"नुसतं म्हटलं." चर्चच्या दाराशी ती थांबली, माझ्या डोक्यावरचं लेसचं टोपडं काढलं आणि पिशवीतून ते जाडंभरडं काढून माझ्या हनुवटीखाली त्याची गाठ मारली. "लेसचं मोठं होतंय तिला," ती बाबांना म्हणाली. लेसचं टोपडं आम्हा सगळ्यांना बरोबर बसलेलं आहे, फोटो आहेत. आजीने टोपडं पाहिलं. ती आत जाऊन मागच्या बाकावर बसली.

फादर नोर्बेर्तू घाईत होते, त्यानंतर त्यांना आणखी दोन बाप्तिस्मे होते. त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा सरकवला आणि दगडी कुंडाशी उभ्या थोरल्या आत्याला विचारलं, "बाळाचं नाव काय?"

तिच्या जिभेवर मारिया दा ग्रासा होतं. हे तिने मला स्वतः सांगितलं आहे, आणि या एका गोष्टीवर मी विश्वास ठेवते. ज्या नावाने आपल्याला घरात कुणी बोलावलं नाही ते नाव एका बाळाच्या गळ्यात कशाला अडकवा, असं तिच्या मनात आलं होतं. तिने श्वास घेतला.

मागून काठीचा आवाज आला. आजी बाकाला धरून उभी राहिली होती.

"तेरेझिन्या," आजी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, आणि पहिल्या अक्षरावर जरा अडखळला. नावाची सवय नव्हती तिला. बाबा वळले.

"दोना एतेल्व्हिना," फादर समजुतीने म्हणाले, "नाव धर्ममातेने सांगायचं असतं."

"मी बाळाचं नाव सांगत नाहीये, फादर. माझ्या मुलीला हाक मारतेय. चाळीस वर्षांची राहिलीय. जरा थांबा, तिला ओ देऊ दे."

फादरनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि थांबले. थोरली आत्या कुंडाकडे तोंड करून तशीच उभी होती, मला धरून. इतका वेळ गेला की मी कुरकुरायला लागले.

"ओ, आई," ती म्हणाली.

मग तिने माझ्या टोपड्याची गाठ सैल केली आणि फादरना माझं नाव सांगितलं, जे तिच्या डोक्यावर पाणी घालताना कुस्तोदियाच्या तोंडातून निघालं होतं तेच.